दाढा काढल्या, कळ तशीच

मित्रांनो, आज मालेगावहून वहिनीला जवळच्या वाशिमला मेंदूच्या डॉक्टरकडे नेलं. वर्षभर तिच्या उजव्या गालात करंट लागल्यासारखी कळ येते. दातांचंच दुखणं समजून आम्ही दोन दाढा काढून बसलो.

डॉक्टर म्हणाले, "हे चेहऱ्याच्या नसेचं दुखणं आहे. गोळ्यांनी कळ कमी होईल."

आम्हाला हायसं वाटलं. मग त्यांनी वहिनीला डोळे मिटायला सांगून दोन्ही गालांवर कापूस फिरवला.

"उजवीकडे कायीच समजून नाही राह्यलं," वहिनी म्हणाली.

डॉक्टर जरा वेळ गप्प झाले. "नुसत्या कळेच्या दुखण्यात गाल असा बधिर होत नाही. एमआरआय उद्याच करा. नस कशानं दबली आहे का, ते पाहावं लागेल."

बसमध्ये वहिनीनं विचारलं, "भाऊजी, ते गप काहून झाले?"

घरी आल्यापासून ती गाल चिमटून पाहते आहे.

तुमच्याकडे कुणाला अशी कळ येते का? दाढ काढण्याआधी नसेचं विचारा.