धुतलेले हात

आम्रपाली सिस्टरचे हात बघून कुणालाही वाटावं, ही बाई धुणीभांडी करते. साबणानं साल निघालेली, बोटांच्या पेरांना चिरा. एका पेशंटला हात लावला की धुवायचे, दुसऱ्याला लावायच्या आधी पुन्हा धुवायचे. येरवड्याच्या सुखदेव मास्तरांची ही लेक नर्सिंगमध्ये एवढं एकच शिकली म्हणा ना! पण ते पक्कं शिकली होती.

पुण्याबाहेर मांजरी गावाकडं उसाचं रान मोडून सोसायट्या उठल्या, त्यांच्या मागोमाग हॉस्पिटल उठलं. काचेचं, एसीचं, आयटीवाल्यांच्या विम्यावर पोसलेलं. आम्रपाली तिथंच नोकरीला. एकदा एका पेशंटच्या मुलानं तिच्या छातीवरची नावाची पट्टी सावकाश वाचली आणि म्हणाला, "सिस्टर, ग्लोव्ह्ज घालून हात लावा."

"आत्ताच धुतलेत, साहेब."

"तरी घाला."

घरी वडिलांना सांगितलं, तर म्हातारा हसला. "शिवू नको म्हणाला, एवढंच. इंग्रजीत म्हणाला."

त्या मुलाची तक्रार वर गेली. वर रंगनाथ साहेब, हॉटेल चालवता चालवता हॉस्पिटल चालवायला आलेले. त्यांनी फतवा काढला, वॉर्डात कुणाचाही उघडा हात दिसता कामा नये. घाला म्हणाले, बदला कोण म्हणालं? पाळीला हातमोज्यांची एकच जोडी मिळायची. पोरी खूश! मोजे चढवले की साबणाची कटकट गेली. याची लघवीची पिशवी रिकामी करा, त्याच हातानं त्याची सलाईनची सुई बघा. आम्रपालीनं जाऊन सांगितलं, की तोच मोजा नर्सला वाचवेल, पुढच्या पेशंटला नाही. प्रत्येकाला नवी जोडी हवी, मधे हात धुवायला हवेत, हे अभ्यास करून सिद्ध झालेलं आहे. साहेब म्हणाले, "सिस्टर, पेशंटला दिसतं ते स्वच्छ." पालथ्या घड्यावर पाणी! वर तंबी मिळाली, पुन्हा वाद घातला तर घरी बसा. नवऱ्याचा कारखाना आधीच बंद पडलेला, दोघं घरी बसून खाणार काय? गप्प बसली बिचारी.

पुढं सुखदेव मास्तर मोरीत घसरले, खुब्याचं हाड मोडलं. स्टाफला सवलत म्हणून त्यांना तिथंच आणलं. ऑपरेशन झकास झालं. जखमेची पट्टी बदलायची होती, आम्रपाली जेवणाच्या सुट्टीत वडिलांजवळ आली होती. निकिता नावाची नवी सिस्टर शेजारच्या पलंगाखालचं भांडं उचलून ठेवून तशीच मास्तरांकडं वळली.

"निकिता, आधी ते काढ. हात धू, नवे घाल."

पोर भली. थांबली, एक मोजा निम्मा काढलासुद्धा. तेवढ्यात दारात रंगनाथ साहेब! सोबत एका बड्या कंपनीचे पाहुणे, आपल्या माणसांसाठी हॉस्पिटल पसंत करायला आलेले.

"काय झालं? ग्लोव्ह्ज का काढताय?" आवाज गोड, डोळे आम्रपालीवर.

निकिता आम्रपालीकडं बघत राहिली. मास्तरही तिच्याकडंच बघत होते.

"कर," आम्रपाली म्हणाली.

निकितानं मोजा पुन्हा वर ओढला.

जखम चिघळली. त्या हातानंच चिघळली की आणखी कशानं, कोण सांगणार? पण आम्रपालीला सांगायला कुणी लागत नव्हतं. ताप चढलेला असताना मास्तरांनी तिला जवळ बोलावलं. "नोकरी टिकली ना गं?" टोमणा नव्हता तो, खरंच काळजीनं विचारलं. त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग त्यांना आयसीयूत नेलं, तिथून ते परत आले नाहीत.

येरवड्याच्या घरी बुद्धवंदना झाली. रंगनाथ साहेब येऊन फुलं ठेवून गेले. "वय होतं हो त्यांचं," म्हणाले. माणसं पांगली तरी निकिता कोपऱ्यात रडत बसलेली.

"ताई, माझ्या हातानं झालं."

आम्रपालीनं तिला पाणी दिलं.

"तू थांबली होतीस गं," ती म्हणाली. "कर, मी म्हणाले."