बैल बसेपर्यंत थांबायचं

मी बार्शीहून निघाले त्या सकाळी स्टेशनावर आमच्या घरातलं सर्वात मोठं भांडण झालं, आणि ते माझ्या जाण्यावरून नव्हतं, तूरडाळीवरून होतं.

कुर्डुवाडीची छोटी गाडी फलाटाला लागली होती. ट्रंक बंद होईना म्हणून अण्णा, म्हणजे माझे वडील, तिच्यावर गुडघा टेकून बसले होते. अण्णांचा पायानं चालवायच्या ट्रेडल यंत्राचा छापखाना होता. लग्नपत्रिकांवर आमचं पोट चालायचं आणि पत्रकांवर अण्णांचा जीव होता. ‘साठेबाजांनो, गोदामं उघडा!’ ही ओळ मी शाळेत नाव घालायच्या आधी वाचायला शिकले, तीही उलटी, छपाईच्या खिळ्यांतून. ट्रंक काही बंद होईना, तेव्हा अण्णांनी आत हात घातला आणि एक जड पिशवी बाहेर काढली.

“ही डाळ कुठली?”

“घरातलीच,” आई म्हणाली.

“पाच शेर डाळ? सप्टेंबरात? दुकानात भाव बघितलास का?”

“माघात घेतली होती.”

“आणि ठेवली कुठं?”

आईनं पदर सारखा केला. “छापखान्यात. कागदाच्या रिमांमागं. शाईच्या वासानं तिथं उंदीर येत नाहीत.”

अण्णा उठून उभे राहिले. “माझ्या छापखान्यात साठा! साठेबाजांवरची पत्रकं पुढं सुटतायत आणि मागं पाच शेर डाळ!”

“अहो, हळू बोला. साठा नाही तो. बेगमी आहे.”

“नाव बदललं की पाप धुतलं जातं का?”

गार्डनं शिट्टी दिली. आईनं पिशवी खिडकीतून माझ्या मांडीवर ठेवली आणि गाडी हलली. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि माझं मत अण्णांकडे होतं, हे आज लिहून ठेवते. डाळ मात्र मी परत दिली नाही.

तुम्ही जे बार्शीत राहिलात त्यांना आईचा बाजार ठाऊक आहे. माझ्यासारखे जे इकडे आले त्यांच्यासाठी सांगते. लहानपणी माघात, नवी तूर बाजारात आली की, ती मला अडत बाजारात घेऊन जायची आणि पाटीवर खडूनं लिहिलेल्या भावाकडे बघूही द्यायची नाही. म्हणायची, “पाटी व्यापारी लिहितो. तू बैल बघ.” गाडीचे बैल जुंपलेले उभे असतील तर शेतकऱ्याला गिऱ्हाईक मिळेल याची खात्री आहे, आज घ्यायचं नाही. बैल सोडून बाजूला बांधले असतील तर तो वाट बघतोय. आणि बैल खाली बसून रवंथ करायला लागले, एका गाडीचे नाही, सगळ्या रांगेचे, की समजायचं माल फार झाला आहे, याहून खाली भाव जाणार नाही. मग ती पुढं व्हायची, सांगितलेली किंमत मोजायची आणि घासाघीस करायची नाही. “पडलेला भाव आपण आणखी पाडायचा नाही. त्यालाही रिकामी गाडी घेऊन घरी जायचंय,” असं ती म्हणायची. मला तेव्हा हे बायकी चातुर्य वाटायचं. क्रांतीशी त्याचा काही संबंध असेल असं वाटलं नव्हतं.

फ्रँकफर्टला मी रसायनशास्त्रात डॉक्टरेट करायला आले. बोकेनहाइममध्ये फ्राऊ लिंडनर नावाच्या विधवा बाईंकडे खोली मिळाली. त्यांच्या तळमजल्यावरची कपडे धुण्याची खोली संध्याकाळी रिकामी असे. तिथं आम्ही सहा मराठी विद्यार्थ्यांनी मेस सुरू केली. मी एकटी मुलगी, बाकी पाच मुलगे. त्यातल्या दोघांची ओळख करून देते. फडके पुण्याचा, अर्थशास्त्राचा, आणि जिभेला धार. दत्तू कोल्हे अकोल्याचा, इंजिनिअरिंगचा. त्याचे वडील तिथल्या बाजारात पोती उचलायचे. आम्हा पाचजणांना शिष्यवृत्ती होती. दत्तूला नव्हती. तो शनिवारी मालधक्क्यावर काम करायचा आणि त्यावर आठवडा काढायचा.

मी आले त्याच ऑक्टोबरात एक दिवस फ्राऊ लिंडनरनी मला विचारलं, “फ्रॉयलाइन, बटाटे भरले का?” तेव्हा मला कळलं की या देशात दर शरद ऋतूत घरोघर तळघरात, ज्याला ते केलर म्हणतात, हिवाळाभराचे बटाटे भरून ठेवतात. बाड हॉम्बुर्गच्या पलीकडच्या खेड्यांतले शेतकरी ट्रॅक्टरला ट्रेलर जोडून गल्लीत येतात, घंटा वाजवतात, आणि बायका त्सेंटनरच्या हिशेबानं घेतात. त्सेंटनर म्हणजे पन्नास किलोंचं एक पोतं.

मी फ्राऊ लिंडनरना व्याख्यान दिलं. माझं जर्मन मोडकं होतं पण आवेश शाबूत होता. ज्याच्याकडे पैसा तो भरून ठेवतो, ज्याच्याकडे नाही तो उपाशी राहतो, हा अन्याय आहे, आमची मेस रोजच्या रोज विकत घेईल! फ्राऊ लिंडनरनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “युद्धानंतरच्या हिवाळ्यात मी बटाट्याच्या साली उकळून खाल्ल्या आहेत. केलर रिकामं होतं म्हणून. तुम्ही अजून लहान आहात.” आणि त्या वर निघून गेल्या.

त्या जानेवारीत सगळं गोठलं. भाव चढत गेला. कोपऱ्यावरच्या दुकानात जे बटाटे मिळत ते कुठंतरी गारठलेले असत, आणि गारठलेला बटाटा गोड होतो हे रसायनशास्त्राच्या विद्यार्थिनीला पुस्तकातून माहीत होतं, जिभेला तेव्हा कळलं. फोडणी, मोहरी, हळद, तिखट आणि त्याखाली रताळ्यासारखी भाजी.

“अहो पत्रकबाई,” फडके म्हणायचा, “आज उपासाचं काय केलंय?”

बाकीचे हसायचे. दत्तू हसायचा नाही. फेब्रुवारीत त्यानं मेस सोडली, कारण त्याला वर्गणी परवडेना. पावावर मार्गारीन लावून तो दिवस काढू लागला. आईच्या डाळीतली मी मूठ-मूठ त्याला द्यायचे तोवर डाळही संपली. मार्चात तो आजारी पडला, परीक्षा हुकली, एक वर्ष लांबली. त्यानं मला सरळ सांगितलं, “ताई, आणखी एक असा हिवाळा आला तर मी जातो परत. मंग काही खरं नाही.”

हे माझ्यामुळे झालं होतं. हवामान माझ्या हातात नव्हतं, मेसचं धोरण माझ्या हातात होतं. मी तत्त्वानं वागले आणि तत्त्वाची किंमत त्यानं दिली ज्याच्याकडे द्यायला सर्वात कमी होतं. रात्रंदिवस ज्यांच्या बाजूची पत्रकं वाचली त्यांतलाच एक माणूस माझ्याच पंगतीतून उठला होता.

उन्हाळ्यात मी आईला पत्र लिहिलं. पहिल्यांदा तिला, एरवी सगळी पत्रं अण्णांच्या नावे. सगळं कबूल केलं आणि विचारलं, इथं माघ कसा ओळखायचा? इथं बैल नाहीत. दीड महिन्यानं एक कार्ड आलं. आईचं अक्षर, दोनच ओळी. ‘बैल नसतील तर बैलासारखं काहीतरी असेलच. ते शोध.’

सप्टेंबरच्या शेवटी पहिला ट्रेलर गल्लीत आला आणि मी खिडकीत बसले. शेतकरी घंटा वाजवायचा, ट्रॅक्टरचं इंजिन चालूच ठेवायचा. बायका यायच्या, पोती उतरायची, तो पुढच्या गल्लीत. जुंपलेले बैल! मला हसू आलं. पुढच्या आठवड्यात दोन ट्रेलर आले आणि त्यांनी इंजिनं बंद केली. बैल सोडले, पण अजून बसले नव्हते.

मेसमध्ये मी जाहीर केलं की या वर्षी आपण बटाटे भरायचे, सगळ्यांनी तीन महिन्यांची वर्गणी एकदम द्यायची, आणि दत्तूनं मेसमध्ये परत यायचं. त्याचा वाटा त्यानं पोती उचलून द्यायचा.

“पत्रक मागे घेतलं वाटतं?” फडकेनं विचारलं.

“घेतलं,” मी म्हणाले. “चूक होती.” हे वाक्य तोंडातून काढायला मला उन्हाळाभर लागला होता.

पैसे जमले आणि थांबायची पाळी आली. ऑक्टोबरचे दोन आठवडे गेले. शेजारच्या बायकांची केलरं भरली. फ्राऊ लिंडनर रोज सकाळी आकाशाकडे बघून म्हणायच्या, पहिलं दंव पडलं की शेतकरी येणं बंद. फडके म्हणाला, “घेऊन टाका हो एकदाचे! काय मुहूर्त बघताय?” दत्तू नुसता रोज जेवायच्या आधी एकदा विचारायचा, “आज?” आणि मी नकारार्थी मान हलवायचे. माझी झोप उडाली होती. दंव आधी पडलं असतं तर त्या माणसाचं शिक्षण मी दुसऱ्यांदा बुडवलं असतं.

तिसऱ्या आठवड्यात, शनिवारी सकाळी, गल्लीत एकापाठोपाठ चार ट्रेलर उभे राहिले. चारही इंजिनं बंद. बायका फारशा नव्हत्या, ज्यांना घ्यायचं त्यांनी घेतलं होतं. दहाच्या सुमारास पहिल्या शेतकऱ्यानं पोत्यांवर बैठक मारली, पत्र्याचा डबा उघडला आणि आपली पाव-सॉसेजची न्याहारी काढली. दुसऱ्यानं डबा उघडला. तिसऱ्यानं. मग चौथा, म्हातारा, त्यानं टोपी काढून बाजूला ठेवली आणि थर्मासमधली कॉफी ओतली.

बैल बसले होते. अख्खी रांग.

मी जिन्यावरून धावत सुटले. म्हाताऱ्यानं सांगितलेला भाव सप्टेंबरच्या भावाच्या निम्म्याहून थोडा वर होता. फडके घासाघीस करायला तोंड उघडत होता, त्याच्या पायावर मी पाय दिला. दहा पोती, सांगितल्या भावानं, रोख. म्हाताऱ्यानं माझ्याकडे निरखून बघितलं, पाव डब्यात ठेवला, आणि न विचारता कांद्याचं एक पोतं वर टाकलं. “हे माझ्याकडून,” तो म्हणाला. “मला आता घरी जाता येईल.”

दत्तूनं कोट काढला. पन्नास किलोंचं पोतं त्यानं पाठीवर असं घेतलं की गल्लीतल्या जर्मन बायका बघत राहिल्या. “बाबा दोन घेतात,” तो म्हणाला आणि केलरच्या पायऱ्या उतरला. इतक्या महिन्यांत त्याला हसताना मी प्रथम बघितलं.

चार दिवसांनी दंव पडलं.

त्या हिवाळ्यात आम्ही काय काय खाल्लं! काचऱ्या, रस्सा, थालीपिठात किसून, फ्राऊ लिंडनरच्या पद्धतीनं सालासकट उकडून, आणि एकही गोड नाही. पण खरी परीक्षा जानेवारीत झाली. दुकानातला भाव दुपटीवर गेला आणि आमची तीन पोती शिल्लक राहतील असं दिसू लागलं.

“दोन विकून टाकू,” फडके म्हणाला. “आल्झो, तर मग, सरळ अर्थशास्त्र आहे. दुकानदार आज दाम दुप्पट देईल.”

तेव्हा मला अण्णांचं पत्रक आणि आईचा शब्द एकाच वेळी समजला. दोघंही बरोबर होते आणि स्टेशनावर दोघांनाही ते सांगायला वेळ मिळाला नाही. घरच्यांच्या तोंडी जाण्यासाठी पडत्या भावात घेतलेलं पोतं ही बेगमी. दुसऱ्याच्या गरजेची वाट बघत ठेवलेलं तेच पोतं हा साठा. फरक पोत्यात नाही, त्याच्यावर बसलेल्या माणसात आहे. मी तसं म्हणाले, बरंच मोठ्यानं, आणि फडकेनं चमचा खाली ठेवून टाळ्या वाजवल्या, निम्म्या टवाळीनं. दोन पोती आम्ही गल्लीतल्या ज्यांची केलरं संपली होती त्यांना ऑक्टोबरच्या भावानं दिली. एका म्हाताऱ्या बाईला पटेचना. “ऑक्टोबरच्या? हो? खरंच?” असं ती तीनदा म्हणाली. मी म्हटलं, “गेनाऊ.” अगदी बरोबर.

मार्चात दत्तू पास झाला. आज तो ड्रेस्डेनच्या तंत्रविद्यापीठात आहे. त्याच्या पत्रात अभ्यासाआधी बटाट्याचा भाव असतो.

हे सगळं मी अण्णांना लिहिलं. त्यांचं उत्तर चार पानी होतं, त्यात साडेतीन पानं सिद्धांत. शेवटी एक ओळ : ‘तुझ्या आईला मी रिमांमागची जागा अधिकृतपणे दिली आहे.’ आणि तळाशी, पेन्सिलीनं, आईचं : ‘कांदा बटाट्यापासून लांब ठेव. डबा छान शोधलास.’

तुम्ही पत्रांतून विचारता, परत कधी येणार, तिकडे घरच्यासारखं वाटतं का. पहिल्या वर्षी मला या प्रश्नानं रडू यायचं. माझ्यासारखे जे नुकते आले आहेत त्यांना आत्ताही येत असेल. मला वाटायचं घर म्हणजे बार्शी, आणि इथं मी पाहुणी. पण बार्शीत मी आईच्या मागं उभी असायचे. बाजार तिचा होता. इथला बाजार मला कोणी शिकवला नाही, मी तो खिडकीत बसून, एकाचं वर्ष बुडवून, चूक कबूल करून मिळवला आहे. मला बार्शी हवीच आहे, माघात रांगेनं बसलेल्या बैलांसकट. पण पाहुणी मी आता नाही.

आज ऑक्टोबरचा दुसरा शनिवार. गल्लीत तीन ट्रेलर उभे आहेत, इंजिनं बंद. समोरच्या दाराशी पाच-सहा बायका रिकामी पोती हातात घेऊन थांबल्या आहेत. त्या ट्रेलरकडे बघत नाहीत, वर माझ्या खिडकीकडे बघतायत. फ्राऊ लिंडनर त्यांच्यात पुढं आहेत.

“फ्रॉयलाइन!” त्या ओरडतात. “आता?”

पहिल्यानं डबा उघडला आहे. दुसऱ्यानंही. तिसरा अजून उभा आहे, खिशात हात घालून रस्त्याकडे बघतोय.

“नोख निश्ट!” मी ओरडते. अजून नाही.

आणि गल्ली थांबते.