लिस्बनमध्ये आईला बटाटा सापडला

दादाला पोर्तुगालात, लिस्बनमध्ये नोकरी लागली आणि वहिनीचे दिवस भरत आले, तेव्हा आईला तिकडे पोचवायचं काम माझ्यावर आलं. नव्वदचं दशक होतं, परदेशी चलन मिळणं नुकतंच सोपं झालेलं. बाबा गेल्यापासून आई घराबाहेर फारशी पडत नव्हती. तिने बाळंतपणासाठी तिथे राहायचं, मी आठवड्याने परतायचं, असं ठरलं. उज्जैनच्या फलाटावरच तिने बजावलं, "जमलं नाही तर तुझ्यासोबतच वापस येईन हं."

दादाचं घर अल्फामा नावाच्या जुन्या मोहल्ल्यात. जाणार असाल तर रबरी तळाचे बूट न्या, तिथले दगडी चढ भलतेच गुळगुळीत आहेत. पिवळ्या ट्राममध्ये जागा हवी तर पहिल्याच थांब्यावर चढा. कॉफी उभ्याने प्या, स्वस्त पडते. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरासमोरच्या खिडक्यांतल्या बायका वाळत घातलेल्या कपड्यांवरून गप्पा मारतात. मला उज्जैनच्या राम घाटामागच्या गल्ल्या आठवल्या आणि मी खूश झाले. आई मात्र घुम्यासारखी बसून.

"इथे कुणाशी बोलू मी? टिकट करून टाक माझं," ती म्हणाली. वहिनीचा चेहरा उतरला. मला तर रडूच आलं.

निघायच्या आदल्या दिवशी तिला कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानात नेलं.

"आलू," आई म्हणाली. दुकानदारीण नुसती बघत राहिली.

"आलू, आलू!" तरी काही नाही. आई वैतागली आणि तोंडातून थेट मालवणचं माहेर बाहेर पडलं, "अगो, बटाटो दी!"

"बटाटा!" बाईने टाळी वाजवली आणि आतून पोतंच ओढत आणलं.

लग्नानंतर उज्जैनच्या मंडईत लोक हसायचे म्हणून आईने हा शब्द कधीच टाकून दिला होता. आता तिला चेव चढला, एकेका वस्तूकडे ती बोट दाखवू लागली. साबणाला ती बाई 'सबाँव' म्हणाली, कोबीला 'कोव'.

"आपलेच शब्द उचललेत," आई मला म्हणाली, "अन् तेही धड बोलत नाहीत! राहू दे टिकट. हिला शिकवावं लागेल."

भाची झाल्यावर उज्जैनहून, फ्रीगंजच्या एसटीडी बूथवरून मी आईला फोन लावला.

"तुझी दुकानदारीण कशी आहे?"

"मजेत. मला लांबून बघितलं की हाक मारते."

"काय म्हणून?"

"आलू!" म्हणत आई खो खो हसत सुटली. बाबा गेल्यानंतर तिला असं हसताना मी ऐकलंच नव्हतं. परत कधी येतेस, हे विचारायला फोन केला होता. ते राहूनच गेलं.