किटलीचा स्वेटर

बंगळुरूला नोकरी करणाऱ्या मुलीनं मला स्टीलचा कॉफी फिल्टर आणून दिला, तेव्हापासून आमच्या इस्लामपूरच्या घरात दोन पक्ष झाले. एका पक्षात मी आणि दुसऱ्यात चहासकट बाकीचं घर. तोवर आमच्याकडे कॉफी म्हणजे जायफळ घातलेलं गोड दूध, तेही कुणी आजारी पडलं तर. आता वरच्या भांड्यात पूड दाबायची, उकळतं पाणी ओतायचं आणि खाली काळा अर्क थेंबाथेंबानं जमेपर्यंत स्वस्थ बसायचं. मला बसवत नाही. सारखं उघडून बघते.

माझ्या पक्षात येण्याजोगा माणूस एकच, यजमानांचे मामा. फौजेत त्यांची बरीच वर्षं दक्षिणेत गेली. आता आटपाडीला डाळिंबं आणि शेरडं सांभाळतात. मागच्या खेपेला माझ्या कॉफीचा पहिला कप त्यांनी डोळे मिटून घेतला. मग गप्पा लांबल्या. दुसऱ्या कपाचा एक घोट घेऊन त्यांनी कप खाली ठेवला. "निवली गं पोरी," म्हणाले. "पेन्शनीत आल्यापास्नं गरम कॉफीचं दोन कप लागोपाठ कवा मिळालंच न्हाईत."

ते माझ्या मनाला लागलं. पुढच्या रविवारी ते परत येणार होते. दुसरा कप गरम द्यायचाच, असं मी ठरवून टाकलं. थर्मासचा उपयोग नव्हता. आमच्या थर्मासमध्ये काहीही ठेवलं तरी त्याला चहाचा वास येतो. म्हणून जुना विटकरी स्वेटर उसवला आणि किटलीसाठी नवा विणायला घेतला. एका बाजूला तोटीसाठी फट, दुसऱ्या बाजूला मुठीसाठी. वर गोंडा. गोंड्याची काही गरज नव्हती, पण हात थांबेनात. किटलीत उकळतं पाणी भरून स्वेटर चढवला आणि शेजारणीकडे जाऊन तिच्या सुनेची सगळी गाऱ्हाणी ऐकून आले. परत येऊन घोट घेतला, तर जीभ भाजली. इतक्या आनंदानं जीभ कधी भाजली नव्हती.

रविवारी जेवणं झाली. मी मामांना पहिला कप नेऊन दिला, किटली भरली आणि फळीवर हात घातला. स्वेटर नाही.

बाहेरून यजमानांचा आवाज येत होता. यजमान सोसायटीचे माजी चेअरमन. चेअरमनकी गेली, पण सत्कार करायची सवय गेली नाही. टोपी, टॉवेल, नारळ घेतल्याशिवाय आमच्या घरातून कुणी पुरुष बाहेर पडत नाही. गॅसची शेगडी दुरुस्त करायला आलेलाही सुटला नव्हता. त्या दिवशी कपाटातल्या टोप्या संपल्या होत्या.

किटली घेऊन बाहेर आले, तर मामा सोफ्यावर ताठ बसलेले. डोक्यावर किटलीचा स्वेटर. दोन्ही फटींतून दोन कान बाहेर आलेले, वर गोंडा.

"...आणि आमच्या सौभाग्यवतींनी स्वहस्ते विणलेली ही कानटोपी," यजमान नारळ हातात धरून सांगत होते, "आटपाडीच्या थंडीचा विचार करून..."

"लय ऊब हाय," मामा म्हणाले.

माझ्या हातातल्या किटलीच्या तोटीतून वाफ निघून चालली होती. वडीलधाऱ्या माणसाच्या डोक्यावरची मानाची टोपी सुनेनं उतरवायची, हे आमच्याकडे होण्यासारखं नाही. भाषण अजून मामांच्या फौजेतल्या भरतीपाशीच होतं.

"आवं मामा," शेवटी मी म्हणाले, "ती टोपी नाही. ह्या किटलीचा स्वेटर आहे. तुमचा दुसरा कप निवू नये म्हणून विणलाय."

यजमान थांबले. मामांनी कानाजवळची फट चाचपली. मग किटलीकडे बघितलं.

"व्हय गं? मग हितं काय करतंय ह्ये?"

त्यांनी दोन्ही हातांनी तो उतरवला, माझ्या हातातली किटली टीपॉयवर ठेवायला लावली आणि स्वतः तिच्यावर चढवला. फटीतून तोटी नीट बाहेर काढली, गोंडा सरळ केला.

"मामा, सत्कार अर्धवट राहिला," यजमान म्हणाले.

"ऱ्हाऊ दे रं. माझं डोस्कं काय निवतंय व्हय?"

गप्पा रंगल्या. शेरडं, पाऊसपाणी, भाच्याचे लहानपणचे उद्योग. मी काही ऐकत नव्हते, किटलीकडे बघत होते. बऱ्याच वेळानं मामांनी कप पुढे केला. मी ओतला, आणि त्यांच्या चष्म्याच्या काचा वाफेनं पांढऱ्या झाल्या. त्यांनी चष्मा पुसला नाही. फुंकर घालत, भुरके मारत कप संपवला आणि मग यजमानांकडे वळले.

"हां गड्या, आता कर भाषण."