मोटारीच्या नाळेवर बाळाराम

मुर्ध्याचा बाळाराम समुद्रात कशालाच भीत नसे. सगळी भीती तो जमिनीवर वापरायला राखून ठेवी. वाटेत बैल उभा दिसला की हा रस्ता बदले. दवाखान्यातल्या सुईचं नाव काढलं की याचा ताप आपोआप उतरे. आणि मोटार म्हटली की संपलंच. एसटी नको म्हणून भाईंदरच्या बाजाराला तो पायी जाई, आणि मागून हॉर्न आला की रस्ता सोडून थेट शेतात उतरे.

"दर्यान वाघ नि जमनीवर मांजर," त्याची बायको कमळाबाई म्हणायची. "मना दोघांनाबी रांधून घालावं लागतंय!"

एकाहत्तर साली मुंबईच्या हौशी शेठलोकांनी जुन्या मोटारींची फेरी काढली. भाईंदरला चहाभजी, मुर्ध्याला जेवण आणि उत्तनला नारळपाणी. मुर्ध्याचं जेवण कमळाबाईकडे होतं. तांदळाच्या भाकऱ्या, बोंबलाचं कालवण, आणि मासे न खाणाऱ्यांना वालाची भाजी. खोकत, शिंकत, आजोबांच्या वयाच्या त्या मोटारी गावात शिरल्या तेव्हा बाळाराम माळ्यावर चढून बसला होता.

त्यातल्या एका हिरव्या, उघड्या मोटारीत एक गुजराती शेठ आणि त्याची ऐंशीची आई होती. शेठ तिला बा म्हणे. बाच्या तोंडात दात नव्हता, पण भाकरी आवडली होती. तिचं जेवण होईपर्यंत बाकीच्या मोटारी निघून गेल्या.

"मिठागराच्या बांधावरून उत्तन जवळ पडतं ना?" शेठने विचारलं.

"पडतं की. आमच्या यांना न्या वाट दावायला."

"अमावस्येची भरती हाय," माळ्यावरून आवाज आला.

"तिला अजून येळ हाय. भ्याला का?"

सगळी आळी ऐकत होती. बाळाराम खाली उतरला. पण दार लावून मोटारीच्या पोटात बसायला तो काही तयार होईना. शेवटी बॉनेटवर बसला, होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर बसतात तसा. नाळेवरचा माणूस बोलत नाही, वाऱ्यात ऐकू कुणाला येणार? तो नुसता हात दाखवतो, आणि मागे सुकाणूवर बसलेला तांडेल मुकाट वळवतो.

"मी हात दावीन तिकडं वळवा, शेठ. इचारू नका."

बांधाच्या मध्यावर मोटार दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा चालू होईपर्यंत खाडीने पुढचा सखल भाग गिळला होता. बांध एवढा अरुंद की मोटार वळवणं अशक्य. इंजिनाच्या गुरगुरण्याने आतापर्यंत डोळे मिटून बसलेल्या बाळारामने पाणी पाहिलं आणि त्याच्या जिवात जीव आला. पाणी फिकट म्हणजे तळ जवळ, होडी फुटणार. पाणी काळं म्हणजे खोल, बिनघोर जा. जन्मभराच्या सवयीने हात काळ्या पाण्याकडे गेला.

शेठने न विचारता वळवली.

मोटारीचं तोंड बांधालगतच्या चरात गेलं. इंजिन गुडगुडलं आणि गप्प झालं. मग फक्त पाणी पत्र्याला चाटल्याचा आवाज. बाळाराम आपल्या हाताकडे दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा बघत राहिला.

"किती चढणार पाणी?" शेठने विचारलं.

बाळारामला ठाऊक होतं. सीटच्या पाठीवरून जाणार. मागे बा पाय वर घेऊन बसली होती.

"बाला चालवत नाही. आणि मला पोहता येत नाही," शेठ हळूच म्हणाला.

बाळाराम पाण्यात उतरला. मांडीपर्यंत पाणी, आणि ओढ जबर. त्याने बाला पाठीवर घेतलं. आता जायचं होतं ते खाली बांध असलेल्या फिकट पाण्यातून, आणि तिथे पाय टाकायला त्याचा पायच धजेना. जन्मभर ज्याच्यापासून लांब पळाला, तो तळ आज त्याला शोधायचा होता. तो अंगठ्याने चाचपत निघाला. शेठने मागून त्याच्या कमरेला लुंगीऐवजी गुंडाळलेल्या रुमालाचं टोक धरलं.

"शेठ, तेवढं सोडून कायबी धरा!"

"दुसरं आहे काय धरायला?"

एवढ्यात शेठचा पाय घसरला. रुमाल ताणला गेला, शेठ कानापर्यंत बुडाला, बाने बाळारामचा गळा आवळला. बाळारामने रुमालाची आशा सोडली आणि शेठची कॉलर पकडली. सदरा लांब होता म्हणून मुर्ध्याची अब्रू वाचली.

पुढे बांध चढत गेला. पाणी गुडघ्यावर आलं, मग घोट्यावर. मिठाच्या राशीवर त्याने बाला उतरवलं. मागे मोटारीची फक्त पुढची काच दिसत होती. तेवढं पाहिलं आणि बाळाराम अंगाचं मुटकुळं करून खालीच बसला.

"थंडी, दीकरा?" बाने विचारलं.

"न्हाय, बा. भ्यालो."

"आता?"

"मगाशी तुमी पाठीवर होता. तवा कदी भिनार?"

बाने त्याचं मनगट धरलं. ओहोटी लागेपर्यंत तिने ते सोडलं नाही, आणि त्यानेही सोडवून घेतलं नाही.