बैलांच्या आधी तांब्या

“यांना हीट एक्झॉशन झालंय. म्हणजे उन्हानं अंगातलं पाणी आणि मीठ संपलंय,” ओतूरच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. माझे मालक खाटेवर पडले होते. अंग घामानं निथळत होतं, पण हात लावावा तर गार.

यात्रेचा दिवस, आमच्या बैलगाड्याची बारी, म्हणजे शर्यतीतली धाव, व्हायची होती. सकाळपासून त्यांचं डोकं दुखत होतं, पायात गोळे येत होते. मला वाटलं, जागरणानं असेल. तुमच्या घरी असं झालं तर तसं समजू नका.

घाटावर, म्हणजे गाडे पळतात त्या चढावर, ते चक्कर येऊन खालीच बसले. दिरांनी सावलीत आडवं केलं, पाय उंच ठेवले. मी ओल्या पदरानं अंग पुसत वारा घातला. शुद्ध होती, पण पाणी पोटात ठरेना, म्हणून गाडीत घालून ओतूरला आणलं.

सलाईन लावून डॉक्टरांनी विचारलं, “बैलांना पाणी पाजलं होतं?”

“तासातासाला!” मालक पडल्यापडल्या म्हणाले. “ताडपत्री बांधली, पाठीवर वलं पोतं टाकलं.”

“आणि तुम्ही काय प्यालात?”

“च्या व्हता की!”

मला रडता रडता हसू आलं.

सासरे होते तेव्हा असं होत नसे. घाटाखाली मोठी चिंच होती. दुपारी ते बैल तिच्याखाली बांधायचे आणि शेजारीच घोंगडी टाकून पडायचे. गूळ-मीठ घातलेलं कैरीचं पन्हं मी मडक्यातून न्यायचे. नवी नवरी होते, अर्धं वाटेतच सांडायचं. ती सावली अजून आठवते. रस्ता रुंद करताना चिंच गेली, मग बैलांना ताडपत्री आली आणि माणसं उन्हातच राहिली.

संध्याकाळी घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, “तहानेची वाट बघू नका. ओआरएस घ्या, लिंबू-सरबत घ्या, चहावर दिवस काढू नका. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग भाजायला लागलं, तर तो उष्माघात. तेव्हा पाजत बसायचं नाही, अंगावर गार पाणी मारत तडक दवाखाना गाठायचा.”

यंदाही आमचा गाडा जुंपला. बैलांची बादली आता मी भरते, पण सरबताचा तांब्या आधी यांच्या हातात. तो रिकामा झाल्याशिवाय बादली उचलत नाही. बैल माना वळवून बघतात आणि यांना त्यांची तहान बघवत नाही.

“लई वंगाळ बाई हाय राव,” म्हणत गटागटा पितात. हे ऐकवायला ते समोर उभे आहेत, मला आणखी काही नको.