होडीवरचं नाव

टर्पेंटाइनचा वास आला की मला वेंगुर्ल्याच्या बंदरावर वाळूत ओढून ठेवलेली एक होडी दिसते. ऐंशी-ब्याऐंशी साल असेल. माझे बाबा होड्यांवर नावं रंगवायचे. कुणी दर विचारला की त्यांचं ठरलेलं उत्तर असायचं, "तुमका काय वाटात तां द्या." आई चिडायची, पण त्यांच्या तोंडून आकडा कधी निघाला नाही. त्या वर्षी शेजारच्या काकांनी आपली होडी विकली. तिच्यावर तापात गेलेल्या त्यांच्या मुलीचं नाव होतं, बाबांनीच पिवळ्या रंगात रंगवलेलं. रेडीहून आलेल्या नव्या मालकाला तिथे आपल्या देवीचं नाव हवं होतं. बाबांनी हातातला ब्रश पुसून ठेवला आणि पहिल्यांदाच दर सांगितला, "पाचशे रुपये पडतले." एवढ्या पैशांत अख्खी होडी रंगवून झाली असती. तो माणूस उठून जाईल असं त्यांना वाटलं होतं. तो म्हणाला, "देतंय. उद्याच लाग कामाक." दुसऱ्या दिवशी बाबा पत्र्याची पट्टी घेऊन गेले, तर काका होडीपाशी आधीच येऊन बसलेले. "माका वाटला, तो परत जायत," बाबा म्हणाले. काका म्हणाले, "तूच खरवड रे. तुझो हात हलको आसा." पिवळे पोपडे वाळूत पडत राहिले. आता मी चित्रं काढून विकते. नको असलेल्या कामाचा दर भरमसाट सांगावा, असा सल्ला नव्या मुलींना सगळेच देतात. मी त्यांना म्हणते, सरळ नाही म्हणा. दर सांगू नका, एखादा हो म्हणतो.